प्रॉव्हिडन्स : भीतीच्या गावातली एक रात्र

बॉस्टनहून दक्षिणेला निघालेली लोकल साधारण तासाभरात प्रॉव्हिडन्सला आणून सोडते. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वांत लहान राज्य आणि प्रॉव्हिडन्स ही त्याची राजधानी. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की पांढऱ्या संगमरवरी घुमटाचं विधानभवन दिसतं. नदी ओलांडली की कॉलेज हिलचा चढ लागतो. त्या चढावर दोन-अडीचशे वर्षांची जुनी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. ऑक्टोबरअखेर तिथे पायरी-पायरीवर कोरलेले भोपळे, खिडक्यांत कापडी भुतं आणि रस्त्यावर पिवळ्या पानांचा खच असतो. भुताखेतांच्या गोष्टींना याहून सोयीचं गाव शोधून सापडणार नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी तिथे भाच्याकडे गेलो होतो. भाड्याच्या घरात तिघं राहायची : भाचा, धारवाडचा त्याचा मित्र आणि निपाणीची एक मुलगी. खालच्या मजल्यावर केप व्हर्डे बेटांवरून आलेल्या कुटुंबातला एक तरुण होता. त्याचं पोर्तुगीज आडनाव थेट म्हापशाकडचं वाटावं असं. धारवाडचा मित्र रविवारी सकाळी नोकरीसाठी सिअ‍ॅटलला निघणार होता, म्हणजे हाताशी शनिवारची एकच रात्र. त्या रात्री भीतीचा एक खेळ खेळायचा असं पोरांनी ठरवलं होतं. कुठला, यावर मात्र एकमत होईना.

"मामा, तुम्ही कॉलेजात नाटकं बसवता. तीन खेळ आहेत. कुठला घ्यायचा ते तुम्हीच सांगा की," भाचा म्हणाला.

हे खेळ पटावरचे नव्हेत. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, "पायऱ्यांवर पावलांचा आवाज येतोय, काय करता?" ज्याचं त्यानं आपल्या पात्राच्या वतीने सांगायचं. जमलं की फसलं, ते बहुधा फाशांवर ठरतं. संहिता नाही, पाठांतर नाही आणि प्रेक्षकही नाहीत. आपल्या घरी वीज गेल्यावर आजी गोष्ट सांगायची आणि आपण मधेच "मग तो विहिरीकडे गेलाच नाही" म्हणायचो, त्यातलाच हा प्रकार.

तीन खेळांतला पहिला याच गावाशी जोडलेला, म्हणून आधी गाव पाहायला निघालो. भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट इथेच २० ऑगस्ट १८९० रोजी जन्मला आणि १५ मार्च १९३७ रोजी इथेच वारला. न्यूयॉर्कमध्ये काढलेली १९२४ ते १९२६ ही दोन वर्षं सोडली तर त्याचं जवळजवळ सारं आयुष्य या चढाच्या आसपास गेलं. बेनिफिट स्ट्रीटवरचं १३५ क्रमांकाचं घर त्याच्या एका कथेतलं झपाटलेलं घर आहे. स्वान पॉइंट दफनभूमीत आजोळच्या घराण्याच्या जागेत तो पुरला गेला. त्याच्या नावाचा स्वतंत्र दगड मात्र १९७७ मध्ये चाहत्यांनी बसवला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला त्या साध्या दगडापुढे थोडा वेळ उभं राहावंसं वाटलं.

त्याच्या कथांतलं भूत सूड घ्यायला येत नाही. विश्व अफाट आहे आणि त्याला माणसाची दखलही नाही, हे ज्याला कळतं त्याचं डोकं फिरतं, अशी ती भीती. १९८१ मध्ये सँडी पीटरसन यांनी तिच्यावरून ‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ रचला. त्यात पात्राच्या प्राणाबरोबर त्याच्या मनःस्वास्थ्याचेही गुण मोजतात. भयंकर काही दिसलं की फासे टाकायचे, फसलं की गुण घटतात. इतर खेळांत नायक पुढे जाईल तसा बलवान होतो. इथे जितकं जास्त कळेल तितका तो खचत जातो.

पण या लेखकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परदेशातून आलेले, वेगळ्या वर्णाचे, वेगळी भाषा बोलणारे लोक यांच्याविषयी त्याच्या मनात तिटकारा होता आणि तो पत्रांतून, कथांतून उघड दिसतो. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं स्मृतिचिन्ह म्हणून त्याचा अर्धपुतळा देत असत. ती प्रथा बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला, त्यामागे हीच नाराजी होती. शेवटच्या वर्षांत त्याच्या खोलीतून पलीकडची फेडरल हिल दिसे. ती इटलीहून आलेल्यांची वस्ती. १९३५ मध्ये लिहिलेल्या ‘द हाँटर ऑफ द डार्क’मध्ये तीच टेकडी आहे. तिथल्या ओसाड चर्चमध्ये अंधारातच वावरणारं काहीतरी दडलेलं असतं. वादळात गावची वीज जाते तेव्हा मेणबत्त्या आणि कंदील घेऊन, प्रार्थना म्हणत त्या चर्चभोवती कोण उभं राहतं? तेच इटालियन शेजारी. ज्यांच्याकडे तो नाक मुरडून पाहायचा, त्यांच्याच हाती त्यानं दिवे दिले.

प्रॉस्पेक्ट टेरेस या छोट्या बागेतून सगळं शहर पायाशी दिसतं. तिथे रॉजर विल्यम्स यांचा भव्य पुतळा आहे. धर्ममतांमुळे मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या या माणसानं १६३६ मध्ये हे गाव वसवलं आणि त्याला ‘ईश्वरी कृपा’ या अर्थाचं नाव दिलं. इथले मूळ रहिवासी नॅरागान्सेट. विल्यम्स त्यांची भाषा शिकले आणि तिच्यावर १६४३ मध्ये लंडनमध्ये पुस्तक छापलं. एकाच टेकडीवर शेजाऱ्याची भाषा शिकणारा संस्थापक आणि तीच भाषा कानावर आली की दचकणारा लेखक. आज शहरातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक लॅटिन अमेरिकी मुळांचे आहेत. भाजीच्या दुकानात स्पॅनिश ऐकत उभं राहिलं की आपण शनिवारी बेळगावच्या बाजारात आहोत असं वाटतं. एका वाक्यात दोन भाषा, आणि कुणाला त्याचं काही नाही.

संध्याकाळी निवड करायला बसलो. ‘कॉल ऑफ कथुलू’ एका रात्रीत संपेल अशा कथा घेऊनही खेळता येतो. १९२० मधल्या बॉस्टनच्या झपाटलेल्या घराची गोष्ट त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण नियम जाणणारा मुरलेला सूत्रधार हवा आणि आमच्यात तो नव्हता.

दुसरा खेळ ‘ड्रेड’, २००५ चा. त्यात फासेच नाहीत. जेंगाचा ५४ लाकडी ठोकळ्यांचा मनोरा मधे ठेवायचा. जोखमीचं काही करायचं तर एक ठोकळा हलकेच ओढून वर ठेवायचा. ज्याच्या हातून मनोरा कोसळेल त्याचं पात्र गोष्टीतून बाद. बोटांना घाम फुटतो, यापेक्षा सोपी आणि खरी भीती नाही. पण बाद झालेल्याला बाजूला बसून राहावं लागतं. ज्या मुलाची ही शेवटची रात्र, तोच साडेदहाला बाद झाला तर?

तिसरा ‘टेन कँडल्स’, स्टीफन ड्यूई यांचा, २०१५ चा. दहा मेणबत्त्या लावायच्या. सूर्य नाहीसा झालेला असतो, अंधारात कुणीतरी आलेलं असतं. फासे फसले की एक मेणबत्ती कमी होते. शेवटची गेली की सगळी पात्रं संपतात, आणि हे सर्वांना आधीच ठाऊक असतं. सुरुवातीला प्रत्येकानं आपल्या पात्राचा शेवटचा निरोप रेकॉर्ड करायचा आणि सगळं आटोपल्यावर अंधारात तो ऐकायचा. तयारी जवळपास काही नाही, आणि मधेच कुणी एकटा पडून राहत नाही.

माझं मन तिसऱ्यावर बसलं होतं. पण निपाणीच्या मुलीचे वडील त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते आणि व्हिसाच्या कारणानं तिला जाता आलं नव्हतं. असे खेळ खेळणाऱ्यांत एक चांगली रीत आहे : बसण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, गोष्टीत काय नको? शिवाय फुली मारलेलं एक कार्ड टेबलावर ठेवायचं. कुणी त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

खालच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, वाईट ते बाहेरगावाहून आलेल्या माणसांच्या रूपात नको. धारवाडकर म्हणाला, "मला काहीही चालतं. आमच्याकडं भुताला देव्व म्हणतात. तुमच्या देवापासून असं कितीसं लांब आहे!" मुलगी जरा थांबली. मग म्हणाली, "गोष्टीत कोण मेलं तर चालतंय काका. फक्त रात्रीचा फोन वाजायला नको."

भाच्यानं वहीत लिहिलं : फोन नाही.

घराच्या करारात मेणबत्तीला मनाई, म्हणून बॅटरीवरचे दहा दिवे घेतले. गोष्ट आम्ही कॅसल रॉक स्टेशनात नेली. धो धो पाऊस, दरड कोसळल्यानं अडकलेली गाडी, आणि चौथ्या दिवशीही न उजाडलेलं आकाश. पहिला दिवा बंद करायची वेळ आली तशी पोरं थबकली. आपल्या घरांत दिवा ‘विझव’ म्हणत नाहीत, शांत करतात. तेव्हा आम्हीही ‘शांत झाला’ म्हणू लागलो. प्रत्येक दिव्यानंतर आपण अजून जिवंत आहोत असं सर्वांनी म्हणायचं असतं. आम्ही ते मराठीत म्हटलं, धारवाडकरानं "नावु इन्नू बदुकिद्देवे" म्हटलं. सातव्या दिव्यापर्यंत खालच्या मजल्यावरचा मुलगा दोन्ही म्हणू लागला, आणि त्याच्या बेटांवरच्या भाषेतलं वाक्य आम्ही.

साडेबाराला शेवटचा दिवा शांत झाला. अंधारात एकेक निरोप वाजला. धारवाडकराचा विनोदी होता, सगळे हसलो. मुलीचा सात शब्दांचा : "अप्पा, गाडी लेट आहे. तुम्ही जेवून घ्या."

बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. मग तीच उठली आणि तिनं चहा ठेवला.

दिवाळीच्या सुटीत मुलं, भाचरं घरी जमतात आणि दुसऱ्या रात्रीपासून जो तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो. अशा एखाद्या रात्री हा खेळ जरूर खेळून पाहा. निदान दहा साधे फासे, कागद-पेन्सिल आणि खडे बाजारातले बॅटरीचे दिवे एवढं पुरतं. इंग्रजीतले नियम एका मोठ्या मुलानं आधी वाचून ठेवावेत. मराठी-कन्नड मिसळून खेळलात तर अधिकच रंगेल. लहानांना मात्र दूर ठेवा, हा खेळ मोठ्यांचा आहे. आणि सुरू करण्याआधी प्रत्येकाला, आजीलासुद्धा, विचारा की गोष्टीत काय नको. उत्तर लिहून घ्या आणि पुढे काही विचारू नका.