ऑनलाइन पोकरमधली फसवणूक आणि डावांची नोंद

ऑनलाइन पोकरमध्ये फसवणूक मुख्यतः दोन ठिकाणी होऊ शकते: पत्ते पिसून वाटणाऱ्या यंत्रणेत, किंवा टेबलावर बसलेल्या खेळाडूंच्या आपसांतल्या संगनमतात. पहिल्या प्रकारात दोष कंपनीचा किंवा तिच्या आतल्या माणसाचा असतो. दुसऱ्यात कंपनी पहारेकरी असते, पण प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) तिला रेक, म्हणजे अड्ड्यावर ज्याला नाल म्हणतात तो वाटा, मिळतच असतो. प्रस्तुत लेखकाने पैशांच्या ऑनलाइन खेळांवरचा २०२५ चा बंदी कायदा येईपर्यंत काही वर्षे नवी मुंबईत ऐरोलीतल्या अशा एका कंपनीच्या ‘फेअर प्ले’ विभागात काम केले. येथे आलेले तपासाचे तपशील त्या कामातले आहेत.

पत्ते पिसण्यातला गाजलेला दोष १९९९ मध्ये सापडला. प्लॅनेट पोकर या साइटला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एएसएफ कंपनीने आपली पिसण्याची पद्धत प्रामाणिक आहे हे दाखवण्यासाठी ती जाहीर केली होती. अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीजच्या अभियंत्यांनी ती बारकाईने वाचली. ५२ पत्त्यांच्या जुडीचे क्रम इतके की तो आकडा लिहायला ८ वर ६७ शून्ये द्यावी लागतात. या यंत्रणेत मात्र पिसण्याची सुरुवात संगणकाच्या घड्याळावरून, मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून होत असे. दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख, म्हणून शक्य क्रमही तेवढेच. सर्व्हरच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवल्यावर ते सुमारे २ लाखांवर आले. मग हातातले २ आणि फ्लॉपचे, म्हणजे टेबलावर पहिल्यांदा उघडलेले, ३ पत्ते दिसले की कोणाकडे काय आहे आणि पुढे काय येणार, हे त्यांचा प्रोग्राम सांगू लागला. त्यांनी दोष जाहीर केला. पद्धत उघड होती म्हणून तो सापडला, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट.

आतल्या माणसाने केलेली फसवणूक २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर या साइटवर उघडी पडली. १,००० डॉलर प्रवेशशुल्काच्या एका स्पर्धेत ‘पॉटरिपर’ नावाचे खाते पहिले आले. शेवटच्या डावात त्याच्याकडे जोडीसुद्धा नव्हती, मोठ्यात मोठा पत्ता दश्शी. तरीही प्रतिस्पर्ध्याने लावलेल्या मोठ्या रकमेएवढीच रक्कम त्यानेही लावली आणि समोरच्याकडे नव्वीच निघाली. हरलेल्या खेळाडूने डावांची नोंद मागितली. कंपनीने चुकून त्याला पूर्ण फाइल पाठवली: सगळ्यांचे झाकलेले पत्ते, शिवाय टेबल नुसते पाहत बसलेल्या खात्यांची माहिती. स्पर्धा सुरू झाल्यावर लवकरच ३६३ क्रमांकाचे एक खाते पाहायला येऊन बसले होते, आणि सर्वांचे पत्ते त्याला दिसत होते; पॉटरिपर त्यांवरूनच खेळत होता. पुढे अल्टिमेटबेट या साइटवरही असाच प्रकार निघाला. तिथे संशय आला तो काही खात्यांच्या जिंकण्याच्या अशक्य प्रमाणावरून, आणि ते गणित मांडले खेळाडूंनीच. कॅनडातल्या काहनावाके गेमिंग कमिशनने १९९४ चा विश्वविजेता रस हॅमिल्टन याला मुख्य जबाबदार ठरवले. लुबाडलेली रक्कम सुमारे २ कोटी २० लाख डॉलर होती.

ऐरोलीतल्या विभागापुढे रोज येई ते संगनमत. ६ जणांच्या टेबलावर दोघे मित्र बसतात आणि फोनवरून एकमेकांना पत्ते सांगतात. आपल्याला हवे असलेले दोन बदाम मित्राच्या हातात अडकले आहेत, हे कळले की फ्लशच्या, म्हणजे पाचही बदामांच्या, मागे पैसे लावायचे की नाही ते ठरवता येते. खरी कमाई मात्र दाबण्यातून होते. एक रेज करतो, म्हणजे रक्कम वाढवतो, दुसरा त्यावर आणखी रेज करतो, मधल्या तिसऱ्याला पत्ते टाकावेच लागतात. तो बाजूला झाला की दोघांपैकी एक निमूट फोल्ड करतो. पत्ते उघडण्याची वेळच येत नाही, म्हणून टेबलावरच्या माणसाला काही दिसत नाही.

नोंदीत ते दिसते. कामोठ्यातल्या एका खेळाडूने अशाच दोन खात्यांबद्दल तक्रार केली होती. खाती वेगळ्या पॅन कार्डांवर होती, मोबाइल वेगळे, इंटरनेटची जोडणीही वेगळी. एकेकटी बसली की ती चारचौघांसारखी खेळत. एकत्र बसली की तिसरा डावात असेपर्यंत दोघेही आक्रमक, आणि तो गेला की दोघेही थंड. एका डावात समोर फक्त मित्र उरलेला असताना त्यांच्यातल्या एकाने तीन राण्या टाकून दिल्या. एका डावावरून काही सिद्ध होत नाही. एखाद्याचे बोट चुकीच्या बटणावर पडू शकते. पण शेकडो डावांत तेच वळण, आणि टेबलावर येण्याजाण्याची वेळही तीच, तेव्हा शंका उरत नाही.

खाती गोठवली गेली आणि त्यांतली शिल्लक लुबाडल्या गेलेल्यांमध्ये वाटली गेली. त्या डावांतून कापलेला रेक मात्र कंपनीने ठेवून घेतला. हा रेक परत द्यावा असे लेखकाने लेखी मांडले होते. डाव खेळला गेला, सेवा दिली गेली, असे उत्तर आले. ते पटण्यासारखे नाही. फसवणूक सिद्ध झाल्यावरही तिच्यावरचे शुल्क ठेवून घेणारा पहारेकरी त्या फसवणुकीचा वाटेकरी होतो. ज्याच्या तक्रारीमुळे हे सारे उघड झाले, त्याला नोंद कधीच दाखवली गेली नाही. ‘योग्य ती कारवाई केली आहे’ एवढी एक ओळ त्याला पाठवली गेली.

बहुतेक तक्रारींच्या मुळाशी फसवणूक नसे. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, आणि बादशहांच्या जोडीसमोर तीसुद्धा शंभरात सुमारे १८ वेळा हरते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला जेमतेम २५-३० डाव होतात. ऑनलाइन त्याच्या दुपटीहून जास्त, आणि लोक चार-चार टेबले एकदम उघडतात. वर्षातून क्वचित दिसणारा दुर्दैवी डाव मग आठवड्याला दिसतो. पगार घालवून बसलेल्या माणसाचे या गणिताने समाधान होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. त्याच्या डावांची पूर्ण नोंद त्याच्यापुढे ठेवणे एवढा एकच उपाय होता.

यंत्राची मदत ओळखणे हा तपासाचा सर्वांत अवघड भाग. कार्नेगी मेलनच्या नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांच्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रामने २०१९ मध्ये ६ जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवले. ऑनलाइन पोकरचे नुकसान होईल म्हणून त्याचा कोड त्यांनी खुला केला नाही. त्याहून साधे सॉल्व्हर, म्हणजे चाल सुचवणारे प्रोग्राम, मात्र बाजारात मिळतात. ते शेजारच्या लॅपटॉपवर चालू ठेवणारा खेळाडू सोप्या आणि अवघड निर्णयाला सारखाच वेळ घेतो, थकत नाही, चिडून वाईट खेळत नाही. हजारो डावांनंतर ही सपाट रेषा उठून दिसते. त्याआधी कोणावरही आरोप करणे धोक्याचे.

कायद्याचे लक्ष या प्रश्नांकडे फारसे गेलेच नाही. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी प्रामुख्याने कौशल्याची ठरवली. पोकरबद्दल न्यायालयांत मतभेद राहिले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटले. वाद चालला तो खेळ कोणत्या जातीचा यावर. तो खेळवणाऱ्याने नोंद किती वर्षे जपावी, ती कोणाला दाखवावी, यावर कोणी बोलले नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच मिटवला. पैशांचे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांची टेबले तात्काळ बंद केली.

खेळाडू परदेशी साइटकडे आणि खासगी क्लबच्या ॲपकडे वळू शकतात, आणि तिथे अनेकदा पहारेकरीसुद्धा नसतो. ॲपमध्ये नुसत्या चिप्स असतात. पैसे एजंट व्हॉट्सॲपवर ठरवून यूपीआयने घेतो. क्लबचा मालक स्वतः दुसऱ्या नावाने टेबलावर बसला तर कोण ओळखणार? पूर्ण ताबा एजंटच्या हाती गेला की काय होते, ते नागपूरच्या जुलै २०२३ च्या जुगार ॲप प्रकरणात दिसले. आधी खात्यात ८ लाख दिसलेल्या व्यापाऱ्याने पुढे ५८ कोटी गमावल्याची तक्रार होती.

अशी फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. १९३० या क्रमांकावर किंवा नवी मुंबईत सायबर पोलिसांकडे तक्रार करता येते. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तरी आपणच अडकू या भीतीने पुष्कळ जण गप्प राहतात. तक्रारीसोबत यूपीआय व्यवहारांचे क्रमांक आणि एजंटशी झालेले संभाषण देता येते, आणि पैसा कुठे गेला ते त्यावरून शोधता येते. टेबलावर काय झाले हे सांगणारी झाकलेल्या पत्त्यांची नोंद मात्र ॲप चालवणाऱ्या परदेशी कंपनीकडेच राहते.