इतिहास घेऊन पुढे काय?

“सर, बाकी ऱ्हाऊ द्या, पगार किती भेटंल ते सांगा.”

मुरबाड तालुक्यातील धसई येथे एका जुन्या सहशिक्षकाकडे गेलो असता, शेजारच्या शेतकऱ्याने मला असे विचारले. त्याची मुलगी इतिहास घेऊन बी. ए. झाली होती, घरातील पहिली पदवीधर. आयुष्यभर इतिहास शिकविलेल्या माणसाला अशा वेळी विषयाची थोरवी गाण्याचा मोह होतो. परंतु भाताच्या पैशावर मुलगी शिकविणाऱ्या बापाला आकडेच सांगायला हवेत.

पदवीची तीन वर्षे सरली, बी. एड.ची दोन राहिली. मग अभियोग्यता परीक्षा. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’. माध्यमिक शाळेत हे मानधन दरमहा ८,००० रुपये होते, २०२३ साली ते १८,००० झाले. म्हणजे बारावीनंतर किमान आठ वर्षांनी पूर्ण वेतन, तेही जागा निघाल्या तर. डिसेंबर २०१६ मध्ये रोकडविरहित गाव म्हणून धसईचे नाव गाजले होते. इतिहासाच्या पदवीधराचा खिसा त्याच्या फार आधीपासून रोकडविरहित आहे, असे मी म्हणालो. बाप हसला नाही.

मोडी लिपीची वाट मात्र त्याने लक्ष देऊन ऐकली. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे वाचायला मोडीच्या जाणकारांची गरज भासली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार बिगर-आदिवासी दावेदाराला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो; तिथेही जुना कागद लागतो, आणि तो वाचणारा माणूसही. शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. ही मिळकत पावसासारखी, आली तर आली. तिच्यावर घर चालणार नाही. पण हातात पदवीखेरीज एक विद्या राहील, आणि गावच्या माणसाला आपला कागद वाचून घ्यायला परक्याच्या दारी जावे लागणार नाही.

आपल्या समाजाला इतिहासाचे वावडे नाही. फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश येशूसंघीय १९२२ साली मुंबईस आले आणि १९२६ साली झेवियर महाविद्यालयात त्यांनी इतिहास संशोधनाची संस्था उभारली. संन्यस्ताला पगाराची चिंता नव्हती. त्यांच्या विद्यार्थ्यांना ती असणारच. आमच्या धर्मग्रामातील मार्गदर्शन मेळाव्यांत मात्र परिचर्या, बँक आणि परदेश यांचीच चर्चा होते. कलाशाखेची मुले मागच्या बाकांवर बसून ऐकतात. पुढील मेळाव्यास एखादा मोडी जाणणारा बोलवावा, असे मी आमच्या फादरांना सुचविले आहे. त्याला मानधन द्यावे लागेल, हेही सांगितले आहे.