बाकड्यावर नजर ठेवा!

दशावतार, कोकणातलं ते लोकनाट्य, पाहिलाय तुम्ही? नुसता पाहिला असेल तर पुरेसं नाही! आधी ऐका, मग पाहा! मी नाटकातली जाणकार अजिबात नाही, पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून तुम्हाला धरलंय.

आमच्या कोपरला कोकणातली माणसं पुष्कळ. शेजारचं स्टेशन दिवा, तिथून थेट सावंतवाडीची गाडी सुटते, मग आंब्याफणसांबरोबर नाटकही इथे येणारच की! मैदानात सतरंज्या, वर उघडं आकाश. नाटकाला अवकाश होता आणि तेवढ्यात एक वयस्कर काका माईकसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता हारतुरे आणि भाषणं. छे! त्यांनी आम्हाला नाटक बघायला शिकवलं!

म्हणाले, या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. नसतेच! आख्यान पुराणातलं, कोण काय होणार ते आधी ठरतं आणि मग रंगात उतरायचं आणि संवाद तिथल्या तिथे बोलायचे, म्हणजे राजा पुढे काय बोलणार ते राणीलाही ठाऊक नाही आणि राणी म्हणजे पुरुष, साडी नेसलेला, आपला चेहरा आपणच रंगवलेला! साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. बस्स! आणि नेपथ्य? एक लाकडी बाकडं. एक!

"बाकड्यार नजर ठेव!" काका हसत हसत म्हणाले.

ठेवली! आणि काय सांगू! राजा बसला की ते सिंहासन, कुणी वर चढला की डोंगर, आणि मला प्रत्येक वेळी टाळी वाजवावीशी वाटत होती! एका बाकड्यासाठी!

पण खरी गंमत त्याआधीच होऊन गेली होती. मुख्य आख्यानापूर्वी आडदशावतार असतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा करतो, सरस्वती येते आणि मग काळ्या वेषातला संकासुर! वेद चोरणारा राक्षस आणि लोकांना हसवणाराही तोच! काकांनी आधी सांगितलं नसतं, तर 'नाटक कधी सुरू होणार?' म्हणत मी हा सगळा भाग मोबाईल बघत घालवला असता. बघा ना, नाटकाने स्वतःची ओळख करून द्यायची सोय स्वतःच्या पोटातच केलेली आहे, आणि त्या ओळखीचीही ओळख करून द्यायला काका हवेत!

काकांनी सांगलीलाही नेऊन आणलं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं, त्यात सूत्रधार होता आणि आधी गणपती-सरस्वतीही होते. 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो तो त्याच प्रयोगाचा! आणि मग तिथून थेट अथेन्स! प्राचीन ग्रीसमध्ये उघड्यावरच्या नाट्यस्पर्धेआधी नाटककार आपल्या नटांना घेऊन, मुखवटे न चढवता लोकांपुढे येत आणि नाटकाचा विषय सांगत. म्हणजे इतक्या जुन्या काळीही लोकांना आधी सांगत होते! गोष्ट तर तिथेही सगळ्यांना माहीत असायची! 'शेवट फुटेल' ही आपली भीती किती अलीकडची! शेवट ठाऊक असला की लक्ष मोकळं होतं आणि मग पखवाजाची थाप आणि लढाईतली गिरकी एकाच क्षणी पडते हे दिसतं, उत्तर सुचेपर्यंत नट कसा एक फेरी जास्त मारतो तेही दिसतं!

आता मला कोकणातल्या गावची जत्रा बघायचीय. तिथे म्हणे पालखी झाल्यावर नाटक उभं राहतं आणि रात्रभर चालून पहाटे दहीकाल्याने संपतं! दिव्याहून गाडी आहेच. तिकीट मी काढते, तुम्ही फक्त हो म्हणा. आणि हो, काकांना मधल्या सीटवर बसवायचं, म्हणजे सावंतवाडीपर्यंत दोन्हीकडून प्रश्न विचारता येतील!