सोंग आणि शिल्लक

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाविषयी समाजात दोन समज पक्के आहेत. एक, दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास त्याला कमी ऐकू येतं. आणि दोन, जगातल्या कुठल्याही व्यवहाराची चौकशी करणं हे त्याचंच काम आहे. भाची कोणत्या कॉलेजात घालावी, सेकंडहँड मोटारसायकल घ्यावी की नाही, शेजारच्या प्लॉटचा सात-बारा साफ आहे का, हे सगळं माझ्याकडे येतं. मी साधा क्लार्क आहे, कर्ज मंजूर करणारे साहेब काचेच्या केबिनमध्ये बसतात, हे सांगून उपयोग होत नाही. "तू बँकेत आहेस ना? मग तूच बघ." झालं!

तेव्हा आमच्या मंडळींनी ऑनलाइन खेळ खेळायचा की नाही, याची चौकशीही माझ्याच गळ्यात पडली यात नवल नाही.

मंडळी म्हणजे आम्ही चौघे. मी, मास्तर, मेडिकलवाला आणि इंदापूरकर. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद कॉलेजात आम्ही एकत्र होतो. बी.कॉम.च्या अभ्यासात जमाखर्च शिकलो आणि नीरा डाव्या कालव्याच्या कडेला झाडाखाली बसून मेंढीकोट शिकलो. पुढच्या आयुष्यात दोहोंपैकी जास्त उपयोग कशाचा झाला ते विचारू नका. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोटं सुटली, पण दर शनिवारी रात्री मेडिकलवाल्याच्या गच्चीवर डाव बसायचाच. इंदापूरकर पन्नासेक किलोमीटरवरून यायचा. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी असा तो रस्ता. उसाचा हंगाम असला की पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणि मागे आपली एस.टी. तरी तो यायचा, आणि पानं पिसताना पहिल्यांदा रस्त्याला शिव्या घालायचा. तो आमचा मंगलाचरणाचा श्लोक होता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईला अर्धांगवायू झाला. घरात आई आणि तो, दोघंच. शनिवार बंद पडला. मेंढीकोटाला चौघेच लागतात. तिघांत काय खेळणार? एकमेकांची तोंडं बघणार. मग व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. पण त्यावर सकाळी मास्तरांचा सुविचार, त्याखाली मेडिकलवाल्याचा अंगठा, आणि माझे जोडलेले हात, यापलीकडे व्यवहार होईना. इंदापूरकर तर तेवढंही करेना. बँकेच्या भाषेत, खातं निष्क्रिय झालं.

यावर तोडगा काढला तो मेडिकलवाल्याच्या पुतण्याने. "काका, चौघांनी मिळून खेळायचा एक गेम आहे. घरबसल्या. रोल प्लेइंग." या पुतण्याच्या ज्ञानाविषयी मला आदर आहे. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ अॅप बंद केली, त्यात पबजी गेली, तेव्हा हा मुलगा दोन दिवस जेवला नव्हता. त्यामुळे पुढची बोलणी सुरू झाली.

मास्तरांनी विचारलं, "रोल प्लेइंग म्हणजे काय रे?"

"म्हणजे तुम्ही दुसरं कुणीतरी व्हायचं. योद्धा वगैरे."

"म्हणजे सोंग!" मास्तर म्हणाले. "बहुरूपी दारात यायचे, पोलिसाचं सोंग घेऊन. त्यात नवीन काय?"

मास्तरांचं खरं होतं. मी रीतसर चौकशी केली तेव्हा कळलं की, या सोंगाला साहेबाच्या देशात चांगली पन्नास वर्षं होऊन गेली आहेत. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती मित्रांनी बसायचं, कुणी मांत्रिक, कुणी चोर, आणि फासे टाकून गोष्ट पुढे न्यायची. म्हणजे गच्चीवरचाच कार्यक्रम, फक्त पत्त्यांऐवजी फासे. मग १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने हाच प्रकार कॉम्प्युटरवर बसवला, आणि त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. चित्र नाही, नुसता मजकूर. पण वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली माणसं एकाच गोष्टीत शिरू लागली. आम्हाला हवं होतं ते नेमकं एवढंच.

पुतण्याने सुचवलेल्या खेळाचं नाव 'गेन्शिन इम्पॅक्ट'. आमच्या सौ.ला ते 'गणेशीन' असं ऐकू आलं आणि काही दिवस तिचा समज होता की मी काहीतरी स्तोत्र लावून बसतो. मी तो समज दूर केला नाही. हा खेळ एका चिनी कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये काढला. पुतण्याला तो जुना, आम्हाला नवा. त्याची कथा ऐकून मात्र मला हायसं वाटलं. एक भाऊ आणि एक बहीण, जुळी. दोघांची ताटातूट होते आणि एक दुसऱ्याला शोधत देशोदेशी हिंडतो. म्हणजे जत्रेत हरवलेली भावंडं! असे हिंदी सिनेमे पाहत तर आम्ही लहानाचे मोठे झालो.

मी अर्ज दाखल करून घेतला आणि कर्जप्रकरणाला करतात तशी टिपणी लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, जागा. खेळाला फोनमध्ये वीस जीबीहून जास्त जागा लागते. माझ्या फोनमध्ये मेव्हण्याच्या लग्नाचे व्हिडिओ होते. ते काढले. (हे सौ.ला अजून माहीत नाही.)

दुसरा मुद्दा, पैसा. खेळ फुकट आहे. पण बँकेत इतकी वर्षं काढल्यावर 'फुकट' हा शब्द ऐकला की मी पान उलटून मागची बारीक अक्षरं वाचतो. तिथे होतं ते. चांगले लढवय्ये हवे असतील तर सोडत काढायची. एका सोडतीला १६० रत्नं. ती खेळून मिळतात, किंवा पैसे टाकून. उत्तम लढवय्या निघण्याची शक्यता ०.६ टक्के! मी पाकिटाच्या मागे हिशेब केला. पन्नास वेळा सोडत काढली तरी शंभरातल्या चौऱ्याहत्तर जणांच्या हाती धुपाटणं येणार. मात्र नव्वदाव्या वेळेपर्यंत एक तरी हमखास देतात. आमच्याकडे हप्ता नव्वद दिवसांवर थकला की खातं बुडीताच्या वाटेला लागतं; इथे नव्वद वेळा थकलेल्या माणसाला बक्षीस देतात. धोरणात एवढाच फरक.

"सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही," अशी म्हण आहे. म्हणून टिपणीत पहिली अट घातली: कुणीही एक रुपया भरायचा नाही. मेडिकलवाल्याने शंका काढली, "अरे, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले ना?" पुतण्या म्हणाला, "काका, तो कायदा जिंकून पैसे मिळण्याच्या खेळांना. यात पैसे नुसते जातात, परत येत नाहीत. म्हणून चालतं." असा बिनतोड युक्तिवाद मी आमच्या विधी खात्यातही ऐकलेला नाही.

तिसरा मुद्दा, सोबत. आणि इथे घोडं अडलं. चौघांना एकत्र खेळता येतं खरं, पण आधी प्रत्येकाने एकेकट्याने खेळून सोळाव्या पायरीपर्यंत चढायचं. म्हणजे मित्रांना भेटण्यासाठी आधी पुष्कळ तास एकट्याने घालवायचे!

आम्ही चढू लागलो. मेडिकलवाला दुकानात बसून खेळायचा. एका गिऱ्हाईकाला खोकल्याऐवजी मुरड्याचं औषध देता देता राहिला, तेव्हा वहिनींनी फोन काढून घेतला. मास्तर प्रत्येक संवाद शेवटपर्यंत वाचायचे. त्या खेळात पैमोन नावाची एक छोटी परी सतत शेजारी तरंगत बडबडते, मास्तरांना ती पहिल्या बाकावरच्या आगाऊ मुलीसारखी वाटे, आणि ते फोनकडे बघून "खाली बस!" म्हणत. मी कड्यांवरून पडत होतो. खेळात उडायला पंख मिळतात, पण दम संपला की माणूस खाली येतो. ते मात्र मला अगदी खरं वाटलं.

पंधरवड्यानंतर मी कसाबसा सोळावर पोचलो आणि मित्रांची यादी उघडली. मास्तर अकरा. मेडिकलवाला नऊ, पुढे हालचाल बंद. आणि इंदापूरकर? बत्तीस!

काउंटरवर एखाद्या खात्यात अचानक मोठी शिल्लक दिसली की आम्ही आनंदून जात नाही. ती आली कुठून हे बघतो. मी बघितलं. तो रात्री साडेअकराला खेळात होता. सहज एकदा पाणी प्यायला उठलो, तर दोनला होता. पहाटे चारलाही होता.

या खेळाचा एक नियम आहे. वरच्या पातळीच्या माणसाला खालच्याच्या जगात येता येतं, खालच्याला वरच्याच्या जगात जाता येत नाही. तेव्हा मी इंदापूरला जाऊ शकत नव्हतो. इंदापूरकरच माझ्याकडे आला. दुसरा नियम असा की, पाहुण्याने यजमानाच्या जगातल्या पेट्या उघडायच्या नाहीत. उघडल्या तर यजमानानेच. हा गडी माझ्या पुढे पुढे पळायचा, एखाद्या झाडामागे जाऊन थांबायचा आणि उड्या मारायचा. मी पोचलो की तिथे पेटी. मी उघडायची, माल माझा. तो लगेच पुढच्या झाडाकडे.

बोलायला आम्ही सौ.चा फोन चालू ठेवला होता. मी म्हणालो, "अरे, यात तुला काय मिळतंय?"

"काय मिळायचंय? चल, त्या टेकडीमागं अजून एक हाय."

"तू झोपतोस कधी?"

जरा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागती. नायतर पाठीला जखमा व्हत्यात. मधी झोपलो तर गजर ऐकू येत नाय, दोनदा तसं झालं. मग जागाच ऱ्हातो. खेळ असला की जागता येतंय."

मी त्याची शिल्लक पुन्हा पाहिली. बत्तीस. आम्ही तिघे ग्रुपवर सुविचार टाकत असताना हा माणूस दोन वर्षं रात्रपाळी करत होता, आणि आम्ही त्याला 'निष्क्रिय' म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी टिपणी पूर्ण केली. अभिप्राय असा: "सदर खेळ दिसायला देखणा, परंतु अधूनमधून भेटणाऱ्या मित्रांस गैरसोयीचा. मूलतः एकट्याने खेळण्याचा. सबब शिफारस करता येत नाही. मात्र या खेळामुळे एका जुन्या खातेदाराची खरी स्थिती उघड झाली, हे नमूद करणे प्राप्त आहे." मास्तरांनी 'सबब'च्या जागी 'म्हणून' केलं आणि दोघांनी सह्या ठोकल्या.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघे एस.टी.ने इंदापूरला गेलो. लासुर्ण्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो, तेव्हा रस्त्याला शिव्या घालायची पाळी आमची होती. मेडिकलवाल्याने हवेची गादी नेली होती, तिच्यामुळे पाठीला आराम पडतो म्हणे. डाव मावशींच्या कॉटशेजारी मांडला. त्यांचं बोलणं जड झालंय, पण नजर पक्की. मास्तर बदामाची मेंढी उगाच खाली टाकून बसले, तर कॉटवरून आवाज आला, "आरं, हुकूम हाय की त्याच्याकडं!" मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खाली बसवलं.

रात्री आम्ही इंदापूरकराला शेजारच्या खोलीत ढकललं आणि पाळ्या लावल्या. आता महिन्यातला एक शनिवार मास्तरांचा, एक मेडिकलवाल्याचा, एक माझा. चौथा शनिवार त्याचा त्यालाच. पण त्या रात्री मी खेळात जातो, आणि तो मला पेट्या दाखवतो. वीस जीबी अजून फोनमध्येच आहेत. मेव्हण्याच्या लग्नाची चौकशी अजून झालेली नाही.

माझी पहिली पाळी मात्र चोख झाली नाही. बाराची वेळ पाळली. दोनचा गजर झाला तेव्हा मी खुर्चीतच पेंगत होतो, आणि यादीत इंदापूरकराच्या नावापुढे कितीतरी तास तो खेळात नसल्याचं दिसत होतं, ते डोळे चोळून पुन्हा पाहत बसलो. त्यात दहा मिनिटं गेली. उठून मावशींना कुशीवर वळवलं, उशी नीट केली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बँकंतला व्हय रं तू?" त्या म्हणाल्या. "वाटलंच."