मताचे मोल

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना ‘सर्व्हे’ हा शब्द नवा नाही. इंग्रजी अमदानीत जमिनींची मोजणी झाली, शेतांना क्रमांक पडले आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘सर्व्हे नंबर’ कायमचा येऊन बसला. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, फार्महाऊसवाल्यांची वर्दळ वाढली आणि ‘तुमचा सर्व्हे नंबर कोणता?’ हा प्रश्न गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर ऐकू येऊ लागला. त्या प्रश्नाला भोळेपणाने उत्तर देऊन वडिलोपार्जित जमिनी गमावलेली माणसे आजही आपल्या आसपास आहेत.

आता दुसऱ्या प्रकारचा सर्व्हे आला आहे. तो जमीन मोजत नाही, माणसाचे मन मोजतो. तुम्ही कोणता साबण वापरता, पुढल्या वर्षी दुचाकी घेणार का, घरात शीतकपाट आहे का, असे प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर उमटतात आणि उत्तरे दिल्यास पैसे मिळतील, असे आश्वासन दिले जाते. रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्याशी बोलायला थांबणारी तरुण मंडळी हल्ली हाच विषय काढतात. “काका, घरबसल्या चार पैसे मिळतात म्हणे. करावे का?” हा प्रश्न क्षुल्लक समजून उडवून लावणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्यामागे गरज आहे, आणि गरजेला दिलेले उत्तर जबाबदारीने द्यावे लागते.

ही गरज समजून घ्यायची तर इथल्या जगण्याकडे पाहावे लागेल. कर्जत स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. पहाटेची लोकल पकडणारा माणूस दिवसाचे चार-साडेचार तास गाडीतच घालवतो. खोपोलीकडच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्याला पुढल्या महिन्याची शाश्वती नसते. शिकलेल्या सुनेला लहान मुलामुळे घर सोडता येत नाही. पावसाळ्यात तर कित्येक वाड्यांचे व्यवहारच मंदावतात. वेळ हाताशी आहे पण पैसा नाही, अशा स्थितीत कोणी ‘तुमच्या मताला मोल आहे’ असे म्हटले, तर ते शब्द कानाला गोड लागणारच.

हा व्यवहार मुळात खोटा नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. माल बाजारात आणण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा कल जाणून घेणे ही कंपन्यांची खरी गरज आहे. पूर्वी त्यासाठी माणसे दारोदार कागद घेऊन फिरत. आता मध्यस्थ संस्था संकेतस्थळावर सभासद गोळा करतात, कंपन्यांकडून पैसे घेतात आणि त्यातला लहानसा वाटा उत्तर देणाऱ्यापर्यंत पोचवतात. गूगलचे ‘ओपिनियन रिवॉर्ड्स’ २०१३ साली सुरू झाले. आपल्याकडे अँड्रॉइड फोनवर त्याचा मोबदला रोख हाती येत नाही, तो प्ले स्टोअरमध्येच खर्चावा लागतो. हा व्यवहार लहान असला तरी सरळ आहे.

तरीही ऐकीव माहितीवर सल्ला देऊ नये म्हणून आम्ही एका संकेतस्थळावर नाव नोंदवले आणि महिनाभर वही ठेवली. रोज संध्याकाळी रोझरीनंतर घड्याळ पाहून बसायचे आणि उठताना वेळ व जमा टिपून ठेवायची, असा नेम केला. महिनाअखेर हिशेब मांडला, तेव्हा एकूण एकोणीस तास खर्ची पडले होते. एकतीस सर्वेक्षणे उघडली, त्यांपैकी नऊच शेवटास गेली. खात्यावर गुण जमा झाले, त्यांचे रुपये होतात दोनशे चौदा. म्हणजे तासाला अकरा रुपयांच्या आसपास. आणि हे दोनशे चौदाही हाती आले नाहीत, कारण चारशे रुपये पुरे झाल्याखेरीज रक्कम काढता येत नाही, असा तिथला नियम होता.

उरलेल्या बावीस सर्वेक्षणांचे काय झाले? दहा-बारा प्रश्नांची उत्तरे घेतल्यावर पडद्यावर एक सौजन्यपूर्ण वाक्य येई. आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही, असा त्याचा आशय. वय, गाव, घरातली माणसे, मासिक उत्पन्न, वाहन, आजारपण हे सारे सांगून झाल्यावरच हा निकाल कळायचा. सांगितलेले सांगून गेले, त्याचा मोबदला मात्र शून्य!

त्याच्याशेजारी आम्ही दुसरा आकडा लिहून ठेवला. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तो पुढे देशाला मार्गदर्शक ठरला. २०२४-२५ या वर्षी राज्यात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला सदतीस रुपये पडतात. उन्हात माती उपसणाऱ्याची ही मजुरी कोणी भरघोस म्हणणार नाही. परंतु पंख्याखाली बसून केलेल्या या ‘सोप्या’ कामापेक्षा ती तिप्पट आहे.

पैसे कमी मिळतात एवढेच असते, तर आम्ही लेखणी हाती घेतली नसती. मोठा धोका पुढेच आहे. वाचकांना ‘स्पीक एशिया’ हे नाव स्मरत असेल. सिंगापुरात नोंदलेल्या या कंपनीने २०१० साली आपल्या देशात पाय रोवले. वर्षाची वर्गणी ११,००० रुपये भरायची, आठवड्याला दोन सर्वेक्षणे भरायची आणि प्रत्येकी ५०० रुपये घ्यायचे, अशी ती योजना होती. अकरा हजार भरून वर्षाला बावन्न हजार! शिवाय नवा सभासद आणला की वेगळा लाभ. लक्षावधी माणसे त्यात शिरली. २०११ साली पैसे मिळणे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला आणि हजारो कोटींच्या फसवणुकीचा आरोप पुढे आला. मोठमोठ्या कंपन्यांसाठी आपण ही माहिती गोळा करतो, असे सांगितले जात असे. नाव घेतलेल्या कंपन्यांनी मात्र कानांवर हात ठेवले.

या प्रकरणातून घ्यायचा धडा साध्या अंकगणिताचा आहे. मत विकत घेणारा खरा गिऱ्हाईक असेल, तर तो मत देणाऱ्याकडून आधी पैसे कशाला मागेल? भाजी विकायला बसलेल्या बाईकडून गिऱ्हाइकाने वर्गणी मागावी, तसाच हा प्रकार. जिथे पैसे आधी भरावे लागतात, तिथे मोबदला मालाच्या विक्रीतून येत नाही. तो मागाहून येणाऱ्या सभासदाच्या खिशातून येतो. आणि मागाहून येणारा बहुधा आपलाच मेहुणा, आपलाच शेजारी, आपल्याच धर्मग्रामातला कोणी असतो.

नावे बदलली, तरी रीत तीच राहिली आहे. अलीकडे टेलिग्रामवर निरोप येतो: चित्रफितीला पसंती द्या, हॉटेलला तारे द्या, छोटी प्रश्नावली भरा. पहिल्या दिवशी शे-दीडशे रुपये खरोखर जमा होतात. ते गळाला लावलेले आमिष! मग ‘मोठ्या कामा’साठी आधी रक्कम भरायला सांगितले जाते आणि ती परत मिळवण्यासाठी आणखी रक्कम. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा अर्धवेळ नोकरीच्या व गुंतवणुकीच्या फसवणुकीतली शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. कोणी फसलाच, तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम पुढे जाण्याआधीच अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

आमच्या मनाला याहून अधिक टोचली ती वेगळीच गोष्ट. ज्या सर्वेक्षणांतून आम्हांला परत पाठवण्यात आले, ती बहुतेक मोटारी, विमा आणि परदेश प्रवास यांविषयीची होती. म्हणजे ‘तुमच्या मताला मोल आहे’ या वाक्याचा खरा अर्थ ‘तुमच्या खरेदीला मोल आहे’ असा आहे. ज्याच्या खिशात दम नाही, त्याचे मत कोणाला नको. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मते गोळा केली आणि रूझवेल्ट हरतील, असे भाकीत केले. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले. साप्ताहिकाने नावे काढली होती ती प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून. गरिबाला कोणी विचारलेच नव्हते.

आपल्याच तालुक्यातला दाखला तर काळीज पिळवटणारा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गेली. ठाकूर आदिवासींची कितीतरी कुटुंबे झोपेतच गाडली गेली. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे नंतर विधिमंडळात सांगण्यात आले. साबणाच्या वासाविषयी आपले मत घ्यायला जग दमड्या मोजते. डोंगराखाली राहणाऱ्याला ‘तुम्हांला भीती वाटते का?’ असे विचारणारा सर्व्हे मात्र वेळेवर येत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. दिवस मावळायला आला असता बाजारात रिकामे उभे असलेल्यांनाही त्याने कामावर घेतले आणि त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण पोट तर त्यांनाही होते. संकेतस्थळाचा न्याय याच्या उलट आहे. तिथे अर्धे काम करून घेतल्यावर मजुराला मळ्याबाहेर काढतात आणि त्याने वेचलेली द्राक्षे ठेवून घेतात. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्र काढले. मजूर नाइलाजाने कबूल झाला म्हणून अपुरी मजुरी न्याय्य ठरत नाही, हे त्यांनी त्यात बजावले. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’मधून काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा विचार पुढे नेला. मोबाईलच्या पडद्यावर घेतलेल्या कामालाही हीच कसोटी लागू पडते.

मग विचारणाऱ्या तरुणांना सांगायचे काय? लोकलमध्ये बसल्या बसल्या करमणूक म्हणून करायचे असेल, तर खुशाल करावे. चहापाण्याचा खर्च निघाला तर निघाला. पण तीन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. एक पैसाही आधी भरू नये. आधार, पॅन, बँकेचा गुप्त क्रमांक यांतले काहीही कोणाला देऊ नये. आणि घरातल्या माणसांची, विशेषतः लेकरांची माहिती आपल्या मालकीची नाही असे समजून ती हातची सोडू नये. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला खरा, पण हातून गेलेली माहिती कायदा परत आणून देत नाही.

आणि याला काम मात्र म्हणू नये. कामाने मजुरी मिळते, हाताला कसब येते, चार माणसांत उभे राहता येते. या प्रश्नावल्यांत त्यांतले काहीच नाही. ‘वेळ फुकटच जातो आहे’ ही समजूत मुळात चुकीची आहे. ज्या तासाचे बाजारात अकरा रुपये येतात, त्याच तासात विजेच्या जोडणीचे काम शिकता येते, बचत गटाचा हिशेब लिहिता येतो, वाडीवरच्या मुलाला वाचायला शिकवता येते. एकोणीस तासांत तो मुलगा निदान बाराखडीपर्यंत तरी पोचला असता.

आम्ही ते खाते बंद केले आहे. खात्यावर राहिलेले दोनशे चौदा रुपये कंपनीला लखलाभ होवोत. आमची संध्याकाळ आमच्याकडे परत आली, हा व्यवहार आम्हांला फायद्याचा वाटतो.