वीतभर सॅडल आणि भोजपूरचा रस्ता

रोड बाइकचं सॅडल पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, ‘एवढ्याशावर बसायचं कसं?’ भोपाळच्या तात्या टोपे नगरात माझ्या मैत्रिणीच्या आजीनेही तेच विचारलं. उत्तरादाखल नातीने जिन्याच्या पायरीवर खोक्याचा जाड पुठ्ठा ठेवला, त्यावर बसून गुडघे जरा वर उचलले आणि उठली. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. त्यांच्या मध्यांतलं अंतर फूटपट्टीने मोजलं, तर बारा सेंटिमीटर भरलं. बसताना अंगाचा भार घेणाऱ्या कटीच्या तळच्या दोन हाडांची ही खूण. वाकून चालवायच्या सायकलसाठी या मापात साधारण दोन सेंटिमीटर मिळवतात. नव्या सायकलबरोबर आलेलं सॅडल त्या हिशेबात अरुंद निघालं. वर दुकानदाराने आग्रहाने गळ्यात मारलेलं जेलचं गुबगुबीत कव्हरही होतं.

हे कुटुंब नागपूरचं. 1956 साली नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ ठरली आणि नागपूरची सचिवालयं रिकामी झाली, तेव्हा आजोबा नोकरीपाठोपाठ इथे आले. त्यांची स्प्रिंगवाली, रुंद चामडी सीटची सायकल आजीच्या अजून डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे नातीची ही अरुंद पट्टी तिला सीट वाटेचना.

माझ्या पाठपिशवीत 143 मिलिमीटर रुंदीचं, मधोमध लांबट खाच असलेलं उसनं सॅडल आणि ॲलन कीचा जुडगा होता. बेत असा की निघायचं जुन्या सॅडलवर, आणि जिथे असह्य होईल तिथे बदलायचं. वाट ठरली मिसरोद, ग्यारह मील, भोजपूर आणि तिथून महामार्गावर परत येऊन भीमबेटका.

मिसरोदकडे जाणारा हा रस्ता कागदावर नर्मदापुरम रोड, पण लोकांच्या तोंडी अजून होशंगाबाद रोडच. भोपाळने इथे सायकलीसाठी हौसेने बरंच काही करून पाहिलं. 2017 साली शहरात भाड्याच्या सायकली आल्या, रस्त्यालगत सायकलची वेगळी पट्टीही झाली. बीआरटीएसची बसमार्गिका मात्र 2024 मध्ये उखडायला घेतली. सायकलपट्टीवर सायकल सोडून बाकी सगळं भेटतं, ही तक्रार पुण्याच्या वाचकाला वेगळी सांगायला नको.

भाड्याच्या सायकलवर पाठ ताठ ठेवून बसतात. भार सगळा मागे पडतो, म्हणून तिथे रुंद गादी शोभते. रोड बाइकवर माणूस पुढे झुकतो, कंबर पुढे कलते आणि टेकणारी जागा अरुंद होते. तीच रुंद गादी इथे मांड्यांना घासू लागते. म्हणजे एकाच माणसाला दोन सायकलींवर दोन वेगळी सॅडलं लागू शकतात. ‘सर्वांत आरामदायी कोणतं?’ या प्रश्नाला म्हणूनच दुकानात सरळ उत्तर मिळत नाही.

ग्यारह मीलच्या अलीकडेच मैत्रीण पेडलवर उभी राहू लागली. दुखतंय कुठे, विचारलं तर म्हणाली, ‘दुखत नाही, मुंग्या आल्यात.’ हे दुखण्यापेक्षा वाईट. मऊ जेलमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या चेपल्या जातात. पुरुषांनाही हे चुकत नाही. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना सहा महिने बिननाकाची, म्हणजे पुढचं निमुळतं टोक नसलेली सॅडलं देऊन पाहिली होती. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बधिरपणा बराच कमी झालेला आढळला. पण शर्यतीच्या सायकलवर वळणं घेताना मांड्यांना नाकाचा आधार लागतो, म्हणून बहुतेकजण नाक ठेवून खाचेवर समाधान मानतात.

पोहे-जलेबीच्या टपरीसमोर सायकल झाडाला टेकवली. पोहे येईपर्यंत कव्हर पिशवीत गेलं आणि नवं सॅडल दांडीवर चढलं. आधी उंची पाहिली. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाशी नेलं, तर गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग मोबाइलमधल्या पाणसळीने सॅडल सपाट केलं. टपरीवाल्याचा सल्ला होता, नाक खाली झुकवा, बरं वाटेल. बरं वाटतं खरं, पण माणूस घसरत पुढे येतो आणि सगळा भार मनगटांवर जातो. सल्ला नम्रपणे नाकारून आम्ही जलेबी मात्र दुप्पट घेतली.

भोजपूरचा फाटा सुरू झाला की ट्रक मागे राहतात आणि शेतं लागतात. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे उखडलेला. सॅडल पारखायला असाच हवा. बेतवेकाठी राजा भोजाचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर उभं आहे, अपुरंच. आतलं लिंग साडेसात फुटांचं, चौथरा धरून त्याहून कितीतरी उंच. पण मला अधिक मोह पडला तो बाहेरचा. आसपासच्या खडकांवर मंदिराचे आराखडे रेषांनी कोरलेले आहेत, आणि दगड वर चढवायला घातलेला मातीचा उतार मागे अजून शिल्लक आहे. काम थांबलं, म्हणून कारागिरांची मापं राहिली. मंदिर पुरं झालं असतं तर हा उतार कोणी ठेवला असता?

आजोबांची चामडी सीट इथे पुन्हा बोलण्यात आली. तशा सीटांमध्ये गाजलेलं नाव बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सचं. 1866 साली सुरू झालेली ही कंपनी 2002 पासून इटालियन मालकीची आहे. त्या सीटमध्ये गादी नसतेच. लोखंडी सांगाड्यावर जाड चामडं ताणून बसवतात, ते वापरता वापरता हाडांपाशी खोलगट होत जातं. सुरुवातीचे शेकडो किलोमीटर ते लाकडासारखं कडक लागतं आणि पावसात भिजवून चालत नाही. भोपाळच्या पावसाळ्याला हे परवडणारं नव्हे, असं मैत्रिणीने तिथल्या तिथे ठरवलं.

महामार्गावर परतून औबेदुल्लागंज ओलांडलं, तोवर ऊन चढलं होतं. भीमबेटक्याचे खडक 1957 साली रेल्वेतून जाताना विष्णु श्रीधर वाकणकरांच्या नजरेत भरले. नीमचला जन्मलेले हे मराठी पुराविद चित्रांच्या शोधात डोंगर पायी तुडवत. 2003 मध्ये युनेस्कोने इथल्या चित्रं असलेल्या गुहांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. महामार्ग सोडल्यावरच्या चढावर मैत्रीण सॅडलच्या मागच्या कडेला सरकली, सपाटीवर पुन्हा मधे आली. मुंग्यांचं नाव नाही. उजव्या मांडीला मात्र शिवण घासत होती. तो दोष सॅडलचा नव्हे, साध्या ट्रॅकपँटचा. गादीवाली शॉर्ट्स घ्यायची आणि तिच्या आत काहीही घालायचं नाही, हे मी सांगितल्यावर ती आधी हसली, मग दुकानाचं नाव विचारलं.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली, तेव्हापासून मैत्रिणीच्या डोक्यात लांब पल्ल्याचं खूळ आहे. तिला 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी, करायची आहे. त्यासाठी साडेतेरा तास मिळतात. उसनं सॅडल तिने परत दिलेलं नाही; आधी सांचीला जाऊन येते, मग विकत घ्यायचं ठरवते, म्हणाली.