कोटणीसांचे किती येतील?

जबलपुरात चिनी तिकिटं दाखवायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच माकड असतं. १९८० सालचं, लाल जमिनीवर बसलेलं, ८ फेनचं. "काका, हेच ना ते लाखाचं?" मी ते चिमट्यानं उचलतो आणि उजेड तिरपा पडेल असं भिंगाखाली धरतो. अस्सल तिकिटात माकडाची लव कोरीव छपाईची आहे. शाई कागदावर किंचित उठून येते, केस न् केस सुटा दिसतो. नकलेत तिथं नुसते ठिपके असतात, माकड सपाट पडतं. माझ्यापुढे येणारी बहुतेक माकडं सपाटच. लोक लगेच उठून जातात, चहासुद्धा घेत नाहीत.

खरं म्हणजे माकडाचं हे तिकीट स्मरण-तिकीटच नव्हे. १९७४ पासून १९९१ पर्यंतच्या चिनी तिकिटांच्या पायाशी बारीक अक्षरांत सगळी कुंडली छापलेली असते. 'जे' म्हणजे स्मरण-मालिका, 'टी' म्हणजे विशेष मालिका. पुढे संचाचा क्रमांक, मग कंसात किती तिकिटांपैकी कितवं, आणि उजव्या कोपऱ्यात साल. माकड 'टी ४६' आहे. १९९२ पासून ही अक्षरं गेली, साल आणि त्या वर्षातला क्रमांक आला, देशाचं नावही रोमन लिपीत दिसू लागलं. चिनीचं एक अक्षर न वाचता एवढं कुणालाही जमतं. १९७४ च्या मागे गेलात की मात्र कठीण. १९४९-५० च्या पहिल्या काही संचांची १९५५ मध्ये पुनर्मुद्रणं निघाली. अस्सल कोणतं नि मागून छापलेलं कोणतं, हे नक्षीतल्या एखाद्या रेषेवर ठरतं आणि भावात मोठा फरक पडतो. शिवाय त्या काळातली बरीच तिकिटं मुळातच बिनडिंकाची निघाली. मागची बाजू कोरी दिसली म्हणून 'धुतलेलं' असा शेरा मारणारा पारखी मी तरी पारखी मानत नाही.

पण इथल्या मराठी घरांतल्या अल्बमांत मला माकडापेक्षा दुसरंच तिकीट जास्त भेटतं. 'जे ८३', दोन तिकिटांचा संच, ८ आणि ७० फेन, ९ डिसेंबर १९८२. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी चीननं काढलेला. सोलापूरचा हा मुलगा मुंबईच्या शेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला आणि १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. पथकात पाच डॉक्टर होते. त्यांतले चोळकर नागपूरचे, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं आमच्याच मध्य प्रांताच्या राजधानीतले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. पथक धाडण्यात पुढाकार घेणारे सुभाषबाबू पुढच्याच महिन्यात इथं, त्रिपुरीला, काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले होते. त्या अधिवेशनाच्या आठवणीसाठी बांधलेल्या कमानिया गेटाखालून आम्ही रोज भाजी आणायला जातो. कोटणीस परतले नाहीत. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि १९४२ च्या ९ डिसेंबरला बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यात गेले. शांतारामबापूंनी चार वर्षांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. आपल्या टपाल खात्याचं एक रुपयाचं तिकीट यायला मात्र १९९३ उजाडलं.

हे सगळं ठाऊक असलेली माणसं संच पुढे सरकवून विचारतात, "कोटणीसांचे किती येतील?" उत्तर देताना मला जरा अवघड जातं. फार नाही येत. ऐंशीच्या दशकात चीननं स्मरण-तिकिटं लाखांनी छापली आणि तिथल्या लोकांनी ती तावच्या ताव घरात भरून ठेवली. भाव ठरतो तो किती शिल्लक आहेत आणि कुणाला हवी आहेत यावर. चित्रातला माणूस केवढा, हे बाजार विचारत नाही. या संचाची नक्कल अजून माझ्यासमोर आलेली नाही. नक्कल करणाऱ्यालाही हिशेब कळतो.

तरीही मी संच पुरता तपासतो. आधी मागची बाजू. जबलपूरच्या पावसाळ्यात डिंक ओल धरतो, तिकीट अल्बमच्या पानाला चिकटतं, आणि दोन-चार वर्षांत कडेच्या दातांवर तपकिरी ठिपके येतात. एकदा आले की जात नाहीत, नि निम्मी किंमत तिथंच संपते. मग हिंज, म्हणजे तिकीट पानावर चिकटवायची कागदी पट्टी, लावल्याची खूण, आखूड पडलेला दात, घडीची रेघ. त्यानंतर शिक्का. कोपऱ्यावर नेमका पाव वर्तुळाचा, नीटनेटका शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा असेल, तर ते तिकीट कधी पत्रावर बसलेलंच नाही. संग्राहकांना विकायला छापखान्याच्या थप्पीवरच शिक्के मारलेत. खरा वापरलेला शिक्का बहुधा वाकडा, कधी पुसट असतो. चिनी शिक्क्यात आधी साल, मग महिना, मग दिवस येतो, त्यामुळे तारीख चिनी न येताही वाचता येते.

मला स्वतःला या संचातलं ७० फेनचं तिकीट आवडतं, पण लिफाफ्यावर. ८ फेन हा तेव्हाचा देशातल्या साध्या पत्राचा दर. ७० फेनचं तिकीट परदेशी टपालासाठी. १९८२-८३ मध्ये चीनमधून भारतात खरोखर आलेल्या पत्रावर, तिथला निघाल्याचा आणि इथला पोचल्याचा असे दोन्ही शिक्के असलेलं हे तिकीट कोऱ्या संचापेक्षा मी वर धरतो, आणि जाणता गिऱ्हाईक त्याला जास्त पैसे मोजतो. असे लिफाफे फार दिसत नाहीत, कारण आपल्याकडे तिकीट जमवायचं म्हणजे ते पाण्यात भिजवून सोडवायचं, हीच रीत शाळेपासून शिकवली गेली.

तेव्हा घरात जुनी चिनी पत्रं असतील तर तिकिटं भिजवू नका, कापूही नका. लिफाफा पत्रासकट कोरड्या जागी आडवा ठेवा, पावसाळ्यात तर प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच कोंडू नका, आणि विकायच्या आधी एकदा शिक्क्यांवरच्या तारखा वाचा.